रॉड टाकला म्हणून तीन महिने खाटेवर? काहून बाप्पा?

"पायात रॉड टाकला तर तीन महिने पाय जमिनीले लावू नका, रॉड वाकते. भात न् आंबट बंद करा, हाडात पू होते. गरम तेलानं मालिश करा. वर्षभरात रॉड काढाच." हा फॉरवर्ड आमच्या गावच्या तिन्ही ग्रुपवर फिरून रायला, न् कोण्या दिवट्यानं तो आत्यालेही पाठवला.

आजी न्हाणीत घसरली, खुब्याजवळ हाड मोडलं, रॉड बसला. ऑपरेशनवाल्या डॉक्टरनं दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभं करा म्हटलं होतं. घरी आल्यावर आत्यानं फॉरवर्ड वाचला न् आजी आठ दिवस खाटेवरच. मी रविवारी गेलो, कूस वळवून पायलं तर माकडहाडावर रुपयाएवढा लाल चट्टा, बोटानं दाबला तरी पांढरा होत नव्हता. म्हंजे बेडसोर, पडून पडून होणारी जखम, सुरू!

आता रॉड वाकते म्हणणाऱ्यायले विचारतो, तो टाकतातच कायले? म्हातारा माणूस लवकर उभा राहावा म्हणूनच ना! उपचार कसे करावे ते डॉक्टरायले सांगणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेची खुब्याच्या फ्रॅक्चरसाठीची गाइडलाइन 2011 पासून सांगून रायली, ऑपरेशनच असं करा का पेशंटले लगेच पूर्ण वजन टाकता यावं, न् दुसऱ्या दिवसापासून चालवा. पडून राहिलं तर फुप्फुसात कफ साचते, पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होते, मांडीचं मांस झडते. त्या वयात हाडापेक्षा खाटच जास्त जीव घेते.

हो, एक गोष्ट मानतो, नाइलाजानं. सगळ्याच फ्रॅक्चरले हे लागू नाही. गुडघ्याखाली नळीचं हाड सांध्यात चेंदलं असलं, नाही तर नळीचं खालचं टोक घोट्याच्या सांध्यात फुटलं असलं, तर बरेचदा सहा ते बारा आठवडे वजन टाकू देत नाहीत. न् हाड जुळलंच नाही तर रॉडही शेवटी तुटते, तार घडीघडी वाकवली का तुटते तशी. पण ते एक्स-रे पाहून डॉक्टर ठरवते, ग्रुप ॲडमिन नाही. साध्या घोट्याच्या फ्रॅक्चरचंही 2024 मध्ये लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात आलं, ऑपरेशननंतर दोन आठवड्यांनी वजन टाकणाऱ्यायचे हाल सहा आठवडे थांबणाऱ्यायपेक्षा वाईट नव्हते.

मालिश? ताज्या टाक्यांवर तेल घालाल? न् पोटरी सुजून दुखत असली तर चोळूच नका, आत गाठ असू शकते, सरळ दवाखाना गाठा. रॉडही काही त्रास नसला तर म्हाताऱ्या माणसाचा बहुधा काढतच नाहीत.

पू जंतूनं होते, भातानं नाही, हे आत्याले तीनदा सांगितलं. सायंकाळी आजी वॉकर धरून ओसरीपर्यंत गेली, मधात दोनदा थांबली, मले शिव्या देल्या. आत्या आतून विचारते, "मंग भात टाकू का रे?"

टाक म्हटलं, न् वरण घट्ट कर.