सहा सेकंदांचं बिल

"नऊ ते सहा म्हणजे नऊ तास. नऊ तासांचे सेकंद किती?" मामांनी विचारलं.

मी गप्प बसलो. बिलाच्या बोलण्यात समोरचा माणूस गणित घालायला लागला की उत्तर द्यायचं नसतं. पण मामांना माझं उत्तर नकोच होतं. ते बँकेतून कॅशियर म्हणून रिटायर झालेत.

"३२,४००," ते म्हणाले. "तुमचं बिल ३२,५००. म्हणजे सेकंदाला रुपया पडला. ठीक आहे, दर महाग नाही. आता मला सांगा, शूटिंग किती केलंत?"

"सहा सेकंद."

"मग सहा रुपये झाले की हो." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत, "आणि हे वरचे शंभर कसले?"

परवाची गोष्ट. अजून जेवताना आठवते आणि घास तिथल्या तिथे थांबतो.

हायस्पीड कॅमेरा भाड्यानं आणून कारखान्यात लावायचा आणि डोळ्यांना न दिसणारी गडबड दाखवायची, हा माझा धंदा. ही पार्टी भोसरीतली, फरसाणवाली. चिवड्याचं पाउच मशीन मिनिटाला चाळीस पाकिटं काढतं आणि दोनशेत एखादं गळकं निघतं. वरून चिवडा पडतो, जॉ (म्हणजे पाकिटाचं तोंड दाबून चिकटवणारा मशीनचा जबडा) मिटतो, सील बसतं, पाकीट सुटतं. ह्यात नेमकं काय चुकतं ते दीड सेकंदात कोणाला दिसणार? मशीन रिकामं मिळावं म्हणून गुरुवार ठरला, भोसरीच्या सुट्टीचा वार. आमच्याकडे कोथरूडला त्या दिवशी पाणी नव्हतं, म्हणून अर्ध्या बादलीत अंघोळ करून, कॅमेऱ्याची पेटी तान्ह्या बाळासारखी मांडीवर घेऊन रिक्षानं निघालो. नाशिक फाट्यापर्यंत प्रत्येक खड्ड्याला माझ्या काळजात जे होत होतं त्याचे मी बिलात काही लावले नाहीत, ही गोष्ट मामांच्या लक्षात आणून द्यायची राहिली.

मामा म्हणजे मालकांचे सख्खे मामा. हुद्दा काही नाही. दाराशी खुर्ची, हातात गेल्या वर्षीची बँकेची डायरी, खिशात दोन पेनं. मालक मला म्हणाले, "मामा नुसते बसतील हो, तुम्हाला त्रास नाही देणार."

पहिलं काम झाकणाचं. कॅमेऱ्याचा सेन्सर तापला की काळोखातसुद्धा त्याला ठिपके दिसायला लागतात. म्हणून लेन्सला झाकण लावून त्याला एकदा खरा काळोख दाखवावा लागतो, म्हणजे तेवढं तो पुढच्या प्रत्येक चित्रातून वजा करतो. मी झाकण लावून पडद्याकडे बघत बसलो. पाच मिनिटांनी मागून कुजबुज ऐकू आली. मामा पॅकिंगच्या पोराला सांगत होते, "झाकण काढायला विसरलाय. आपण बोलायचं नाही. बघू कधी कळतंय." आणि डायरीत नोंद केली.

मग उजेड. साध्या व्हिडिओत एकेका चित्राला सेकंदाचा पन्नासावा भाग मिळतो. इथे मला सेकंदाला २००० चित्रं हवी होती आणि शेंगदाणा पडताना फरपटलेला दिसू नये म्हणून प्रत्येक चित्राला फक्त पाच हजारावा भाग. म्हणजे उजेड शंभर पट पाहिजे. कारखान्यातले सगळे दिवे लावले, बरोबर आणलेला एलईडी लावला, लेन्सचं छिद्र पूर्ण उघडलं. चित्र दिसायला लागलं खरं, पण धडधडत. उजळ, मंद, उजळ, मंद.

हे होणारच होतं आणि मी ते विसरलो होतो, हा माझा गुन्हा मी मान्य करतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तिच्यावरचे दिवे सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात. डोळ्याला पत्ता लागत नाही. पण २००० चित्रं काढून ती २५ च्या वेगानं दाखवली की सगळं ऐंशी पट संथ होतं आणि दिवे सेकंदाला सव्वा वेळा उसासे टाकताना दिसतात. मी नेहमीचा बॅटरीवाला दिवा न आणता साधा प्लगचा आणला होता. भाडं वाचवायला.

मामा उठून पडद्याजवळ आले.

"हे काय लुकलुकतंय?"

"दिवे, मामा. तुमचे दिवे."

"आमचे दिवे लुकलुकत नाहीत." मामा ताठ झाले. "दिवाळीत बसवलेत. पावती आहे."

"सगळ्यांचेच लुकलुकतात. डोळ्याला दिसत नाही एवढंच."

"डोळ्याला दिसत नाही ते लुकलुकत नाही. तुम्ही यायच्या आधी एकाची तक्रार नव्हती." मग पडद्याकडे पुन्हा निरखून, "आणि हायस्पीड म्हणालात ना? मग हे इतकं हळू का चाललंय?"

इथे मी चूक केली. मी समजावून सांगायला लागलो. कॅमेरा चित्रं भराभर काढतो, म्हणून ती सावकाश दाखवता येतात...

"म्हणजे कॅमेरा फास्ट आणि व्हिडिओ स्लो."

"बरोबर."

"आणि हा बाकीच्यांसारखा साधा कॅमेरा असता तर व्हिडिओ फास्ट आला असता."

"हो... म्हणजे, नेहमीसारखा."

"मग जास्त पैसे देऊन आम्ही स्लो का घेतोय?"

मी पाणी प्यायलो.

"माझ्या नातवाच्या मोबाइलमध्ये आहे हे. त्यानं कुत्रा कान झटकताना काढला होता. फुकट."

"मोबाइल बहुतेक २४० चित्रं काढतो, मामा. हा २०००."

"पण कुत्रा दिसला ना त्यात?"

ह्यावर उत्तर असेल तर मला कळवा. मी गेले चार दिवस शोधतोय.

शेवटी मला सुचलं की गाडीचा हेडलाइट बॅटरीवर चालतो, तो लुकलुकत नाही. शेजारच्या गॅरेजातून टेम्पोचे दोन हेडलाइट आणि १२ व्होल्टची बॅटरी आणली. गॅरेजवाल्या पोरानं शंभर रुपये घेतले, पावती कुठली? मशीनपासून हातभर अंतरावर दोन्ही हेडलाइट बांधले, बाकीचे दिवे घालवले. काळोखात पाउच मशीन एकदम घाटात समोरून येणाऱ्या ट्रकसमोर सापडल्यासारखं दिसायला लागलं. मालकांनी पाकिटांच्या छापील फिल्मच्या जागी साधी पारदर्शक फिल्म चढवून दिली. (डायरीत नोंद: कोरी फिल्म, ४० मीटर, वाया.)

आता ह्या कॅमेऱ्याची एक गंमत आहे, जी मी कौतुकानं सांगतो आणि लोक मला वेड्यात काढतात. ह्यात बटण गोष्ट घडून गेल्यावर दाबायचं असतं. एकेक चित्र सव्वा एमबीच्या वर, सेकंदाला २०००, त्यामुळे त्याच्या पोटातली १६ जीबी मेमरी सहा सेकंदांत भरते. तो जुनं पुसत, नवं भरत गोल फिरत राहतो. आपण बटण दाबलं की थांबतो, आणि मागचे सहा सेकंद आपल्या हातात येतात. म्हणून पॅकिंगच्या पोराला उभं केलं: पाकीट पडलं की दाबून बघायचं, हवा सुटली की ओरडायचं, मी बटण दाबणार.

तासभर काही नाही. पाकिटंसुद्धा पाहुण्यासमोर शहाण्यासारखी वागतात. पावणेएकला पोरगं ओरडलं, "गळतंय!" मी बटण दाबलं. मिळालं! १२,००० चित्रं! आता ती कॅमेऱ्याच्या मेमरीतून लॅपटॉपवर उतरवायची, माझ्या म्हाताऱ्या लॅपटॉपला त्याला वीस मिनिटं लागतात. ही मेमरी वीज असेपर्यंतच जिवंत असते. कॅमेऱ्याच्या बॅटरीचं भाडं वेगळं पडतं, ते मी वाचवलं होतं. (हो, तेही.) उतरवायला लावून मी हात धुवायला गेलो.

एकला भोसरीत जेवणाची सुट्टी होते. सुट्टीच्या वारीसुद्धा होते, कारण मामांची भूक वार बघत नाही. आणि सुट्टी झाली की मेन स्विच खाली ओढायचा, ही मामांची शिस्त. "कोणी नसताना मीटर कशाला फिरवायचं?"

मी परत आलो तेव्हा कॅमेऱ्याचा हिरवा दिवा विझलेला होता आणि मामा डबा उघडून बसले होते. "या," ते म्हणाले. "शेपूची भाजी आहे."

अशा वेळी मला तो जुना फोटोग्राफर मायब्रिज आठवतो. १८७८ साली त्यानं कॅलिफोर्नियात पालो आल्टोला धावपट्टीच्या कडेनं बारा कॅमेरे मांडले, आडव्या दोऱ्या बांधल्या. घोडी दोऱ्या तोडत गेली आणि एकेका कॅमेऱ्याची झडप पडत गेली. घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटतात हे जगानं पहिल्यांदा नीट पाहिलं. पैसे लेलंड स्टॅनफर्ड नावाच्या रेल्वेवाल्या शेठचे, घोडी त्याचीच. पुढे १८८२ मध्ये त्या स्टॅनफर्डनं ह्या सगळ्यावर पुस्तक छापवून घेतलं आणि मायब्रिजला त्यात नोकरासारखं कोपऱ्यात बसवलं. बिचारा कोर्टात गेला आणि हरला. घोडी किती सेकंद पळाली ह्यावर त्याचे पैसे कापले होते का ते माहीत नाही, पण तिथेही कोणाचे तरी मामा असणारच.

दुपारी पुन्हा झाकण, पुन्हा काळोख, पुन्हा डायरी. साडेचार वाजून गेल्यावर पोरगं दुसऱ्यांदा ओरडलं. ह्या वेळी मी मेन स्विचला पाठ लावून वीस मिनिटं उभा राहिलो. मामा दोनदा येऊन गेले.

आणि दिसलं. काय सुंदर दिसलं म्हणून सांगू! आधी शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप धाडधाड येतात. मग पोह्यांची सर. मग काहीच नाही, सगळं शांत, जॉ मिटायला निघतो आणि वरून, एकटं, हेलकावे खात, कढीपत्त्याचं पान. हलकं आणि चपटं, हवा त्याला खाली येऊच देत नाही. पडद्यावर वीतभर अंतर यायला त्याला बारा सेकंद लागले. उशिरा आलेल्या पाहुण्यासारखं ते बरोबर दारात सापडलं आणि जॉ त्याच्यावर मिटला. सील बसलं पानावर, फिल्मवर नाही. तेलकट पान, तिथून हवा जाणार नाही तर काय?

मालक खुर्चीवरून उठले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की आपण काहीतरी करतो.

"हात्तिच्या," मामा म्हणाले. "कढीपत्ता चुरून घाला."

एवढंच. टाळ्या मामांकडे वळल्या. जॉ थोडा उशिरा मिटवा, असं मी सांगायला तोंड उघडलं होतं, पण त्यानं मिनिटाला पाकिटं कमी झाली असती. चुरून घालण्याला खर्च शून्य. मालक फोनवर कोणाला तरी सांगत होते, "अरे, मामांनी शोधून काढलं."

मग दोन दिवसांनी ते बिलाचं. सहा सेकंद. मी म्हटलं, "मामा, दुपारचे सहा धरले तर बारा होतात."

"ते कोणी पाहिले?"

"बरं, निदान हे सहा सेकंद तुम्ही आठ मिनिटं बघितलेत."

"तेच म्हणतोय मी. आठ मिनिटं आमची सहा माणसं काम सोडून उभी होती. त्याचे कोणाकडे मागू?"

मालक लाजल्यासारखे हसत होते. लाजत होते, पण मध्ये पडत नव्हते. माझ्याकडून कॅमेरावाल्याला २५,००० आधीच गेलेत, हे मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना माझा आवाज चिरकला, ते मला आवडलं नाही. शेवटी ३०,००० वर तुटलं. चेकला डायरीतलं पान टाचलेलं होतं, सुंदर कॅशियरी अक्षरात: "१०.४० ते १०.५५ झाकण. १.०० ते २.०० वीज नव्हती. हेडलाइट रु. १००, पावती नाही, नामंजूर."

चेकबरोबर अर्धा किलो चिवडा दिला. "घरी न्या, वहिनींना आवडेल," मामा म्हणाले, आणि खरंच प्रेमानं म्हणाले.

आत्ता लिहिता लिहिता फोडलाय. सादळलाय. कोरी पारदर्शक फिल्म, त्या दिवशीचीच. वरच्या सीलमध्ये कढीपत्त्याचं एक पान, अर्धं आत, अर्धं बाहेर.