खुलासा : मोठ्या नांग्यांचा खेकडा ही वेगळी जात नव्हे

‘चिखलातल्या खेकड्यांत मोठ्या नांग्यांचा एका जातीचा, रुंद पोटाचा दुसऱ्या’ असा मेसेज फोटोंसकट फिरतोय. तसं नाही. फोटोतला फरक नर-मादीचा आहे. वयात आलेल्या नराच्या नांग्या भक्कम होतात, पोटाखालची झडप अरुंद, त्रिकोणी राहते. मादीची पसरट, गोलसर होते, कारण तिच्याखाली ती अंडी सांभाळते. (कोवळ्या मादीची झडपही त्रिकोणीच दिसते, तिथे भलेभले चकतात.)

१९९८च्या वर्गीकरणानुसार चिखलातल्या खेकड्यांच्या (शास्त्रीय नाव ‘सिला’) जाती चार. ओळखायच्या तर डोळ्यांमधले दाते आणि नांगीच्या मनगटावरचे काटे बघा. सिला सेराटाचे दाते उंच, मनगटाच्या बाहेरच्या बाजूला दोन ठसठशीत काटे; सिला ऑलिव्हेसियाचे दाते बुटके, बोथट. नुसत्या रंगावर तर जाऊच नका. एकाच जातीची ठेवणही किनाऱ्यागणिक थोडी बदलते.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.