कडेने घ्या, काका!

डॉक्टरांनी शुगर बघून सायकल चालवा म्हटलं, मुलाने गिअरची सायकल मागवून दिली आणि उद्या सकाळपासून तुम्ही पुण्याच्या रस्त्यावर उतरणार आहात. अभिनंदन. वीस वर्षं मी हेच करतोय आणि अजून दोन्ही गुडघे माझे स्वतःचे आहेत, तेव्हा चार शब्द सांगायचा हक्क मला पोचतो.

आधी स्वतःचं नाव विसरा. वय पंचवीस असो की पासष्ट, सायकलवर टांग टाकली की तुम्ही काका. आणि काकांना द्यायला या शहराकडे एकच सल्ला आहे. बसवाला, रिक्षावाला, स्कूटरवर मागे बसलेली कॉलेजची पोरगी, सगळे तो एका सुरात देतात: कडेने घ्या.

कड म्हणजे नेमकं काय, हे नवख्याने नीट समजून घ्यावं. रस्ता संपलेला असतो आणि फुटपाथ अजून सुरू झालेला नसतो, अशी ती दीड-दोन फुटांची पट्टी. डांबराचे थरावर थर चढत जातात आणि चेंबरची झाकणं होती तिथेच राहतात, त्यामुळे कडेला दर पन्नास पावलांवर एक चौकोनी खड्डा तयार मिळतो. काही ठिकाणी झाकणाऐवजी जाळी असते आणि तिच्या फटी सायकलचं चाक अचूक बसेल अशा बेताने, रस्त्याच्याच दिशेने ठेवलेल्या असतात. रस्ता मधून फुगीर करतात, पाणी दोन्हीकडे वाहून जावं म्हणून. पाण्याबरोबर वाळू येते, खडी येते, फुटलेल्या हेडलाइटच्या काचा येतात. रस्त्याला जे जे नको झालं ते ते कडेला येतं. तुम्ही त्याच न्यायाने तिथे आला आहात, वाईट वाटून घेऊ नका.

कडेलाच गाड्या उभ्या असतात. उभ्या गाडीचं दार उघडलं की मीटरभर जागा खातं. काही अतिशहाणे सांगतात की गाड्यांपासून मीटरभर लांब राहावं, लेन अरुंद असेल तर सरळ मधोमध चालवावं, म्हणजे मागच्याला तुम्ही दिसता आणि पुढे जायचं तर त्याला नीट लेन बदलून जावं लागतं. ऐकू नका. जीव वाचेल, पण रीतीला धरून नाही ते. मागच्या माणसाचे सात सेकंद जातील. त्या सात सेकंदांत तो नळस्टॉपच्या सिग्नलला सात सेकंद आधी जाऊन उभा राहिला असता.

गेल्या श्रावणातली गोष्ट. कर्वे रस्त्यावरून मी अगदी आदर्श पद्धतीने, कडेला चिकटून, ऑफिसला निघालो होतो. पुढे एक पांढरी गाडी उभी. घंटी वाजवली, पण काचा बंद, आत एसी, आत गाणी. दार उघडलं ते थेट माझ्या हँडलच्या टोकाला. मी डांबरावर, सायकल माझ्यावर आणि कॅरियरला लावलेल्या डब्यातली भेंडी दोघांच्या मध्ये. गृहस्थ लगबगीने उतरले, वाकले आणि दाराच्या कडेवरून हळुवार अंगठा फिरवला. ‘स्क्रॅच नाहीये,’ ते म्हणाले. खरं सांगतो, मलाही हायसं वाटलं. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. ‘काय काका, एवढं गाडीला चिकटून चालवतात का?’ मी उत्तर शोधतोय तोवर मागून रिक्षाचा हॉर्न. ‘ओ काका, कडेने घ्या ना, रस्ता अडवून बसलात!’

दोघांचंही बरोबर होतं. दोघांकडेही लायसन्स होतं, माझ्याकडे नव्हतं. सायकलला लागत नाही.

नेदरलँड्समध्ये म्हणे दार लांबच्या हाताने उघडायची सवय लावतात. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणजे त्याने डाव्या हाताने दार उघडायचं. तसं केलं की अंग आपोआप वळतं आणि मागून येणारा दिसतो. युक्ती चांगली आहे, खर्च शून्य. पण आपल्याकडे डाव्या हातात फोन असतो.

डंपरच्या बाबतीत मात्र थट्टा नको. तो डावीकडे वळतो तेव्हा त्याच्या डाव्या अंगाला कधीही थांबू नये. चालक उंचावर आणि उजव्या टोकाला बसलेला, त्याच्या डाव्या दाराखालची जागा त्याला दिसतच नाही. शिवाय लांब गाडीची मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, कोपरा कापून आत येतात. सिग्नलला तो उभा असेल तर त्याच्या मागे उभं राहावं. आता तुम्ही विचाराल, डंपरचं डावं अंग म्हणजे कडच ना? मग कडेने घ्यायचं की नाही? एवढे प्रश्न पडत असतील तर तुम्ही रिक्षाने जा.

उजवीकडे वळताना हात दाखवायला विसरू नका. लोकांना वाटेल तुम्ही ओळखीच्या कुणाला हात करताय. एखादा भला माणूस उलट हात करेलही.

हेल्मेट घ्या, पुढे-मागे दिवे लावा, रात्री फिकट रंगाचा शर्ट घाला. हे मी मनापासून सांगतोय, कारण पडल्यावर तुम्हाला भेटायला येणारी मंडळी याच क्रमाने विचारणार आहेत. हेल्मेट होतं का? दिवा होता का? या वयात सायकल हवीच होती का? गाडी किती वेगात होती, हे कुणी विचारत नाही. वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो, हे आठवी-नववीच्या पुस्तकात असतं. परीक्षा झाली की पुस्तक रद्दीत जातं.

‘पण सायकल ट्रॅक आहेत की!’ आहेत. २००६ साली कात्रज ते हडपसर बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, आली तेव्हापासून आहेत. पुढे २०१७ साली शहराचा सायकल आराखडा मंजूर झाला, त्यात तब्बल ८२४ किलोमीटर मार्ग आखलेले. सलग ठेवले तर पुण्याहून निघून नागपूर मागे टाकाल आणि वर शंभरेक किलोमीटर उरतील. कागदावर चालवायला फार सुखाची सायकल, हवासुद्धा भरावी लागत नाही. जमिनीवरचा ट्रॅक ओळखायची खूण सांगतो. जिथे विजेचा डीपी, चहाची टपरी आणि बसथांबा एका रेषेत दिसतील, ती रेषा म्हणजे ट्रॅक. सुरुवातीला खांब रोवलेले असतात, मोटरसायकली आत शिरू नयेत म्हणून. आरसे मिटले की मोटरसायकल त्यातून अलगद जाते. तुम्ही मात्र उतरून सायकल उचलून न्यायची. तीस पावलांनी पुन्हा खांब. व्यायामच करायला बाहेर पडला होतात ना?

एकदा तरी ३ जूनला सायकल चालवून बघा. २०१८ पासून संयुक्त राष्ट्रांनी तो जागतिक सायकल दिन ठरवलाय. सकाळी सहाला रॅली निघते, पुढे पायलट गाडी, मागे अँब्युलन्स, चौकाचौकात पोलीस. डावी कड, उजवी कड, मधोमध, कुठूनही चालवा, कुणी हॉर्न वाजवत नाही. नऊच्या सुमाराला टोप्या वाटून होतात, पोहे होतात, सायकली टेम्पोत चढतात आणि मंडळी आपापल्या गाड्यांनी घरी जातात. चार तारखेला तुम्ही परत काका.

आणि रस्ते गुळगुळीत होतच नाहीत, असं म्हणू नका. २०२६ च्या जानेवारीत पुणे ग्रँड टूर झाली, ४३७ किलोमीटरची आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत, परदेशातले खेळाडू आलेले. त्याआधी मार्गावरचे खड्डे बुजले, डांबर असं तुळतुळीत झालं की वीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या घंटीचा स्वतःहून होणारा आवाज बंद झाला. शर्यतीच्या दिवशी मी नेहमीप्रमाणे डबा लावून निघालो. चौकात बॅरिकेड, दोरी, शिट्ट्या. मी कडेनेच होतो, शपथेवर सांगतो. एक हवालदार धावत आला आणि माझं हँडल धरून मला फुटपाथवर चढवत म्हणाला, ‘काका, सायकल बाजूला घ्या पटकन, सायकली यायच्यात.’