तीन टार्गेट म्हणजे पळवाट? काकांच्या कॉमेंटला जरा लांबलचक उत्तर

काका, खरं सांगतो, तुमची कॉमेंट वाचून आधी रागच आला. मग संध्याकाळी परत वाचली आणि म्हटलं याला "धन्यवाद, मत पोचलं" एवढं टाकून भागणार नाही.

ज्यांनी कॉमेंट वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की पहिल्या फुल मॅरेथॉनला एकच टाइम डोक्यात धरून जाऊ नका, तीन आकडे ठरवा. एक सगळं जमून आलं तर, एक साधारण दिवस असेल तर आणि एक काहीही झालं तरी. काकांचं म्हणणं, ही आधीच करून ठेवलेली पळवाट आहे, आखाड्यात हरायची तयारी करून कोणी उतरत नाही, ध्येय एकच ठेवलं की भीती आपोआप जाते आणि सहा तासांत पोचणं म्हणजे मॅरेथॉन नाही, वरात. (वरात शब्द आवडला, ढापणार आहे.)

एक गोष्ट आधीच कबूल करतो. "घाबरण्यासारखं काही नसतं" असं मी लिहिलं होतं, ते चुकलंच. 42.195 किलोमीटर आहे, आणि ट्रेनिंगमध्ये बहुतेक जण 30-32 च्या पुढे जातच नाहीत, म्हणजे शेवटचे दहा किलोमीटर कसे असतात ते त्या दिवशीच कळणार. भीती वाटणारच.

पण एकच ध्येय ठेवलं की भीती जाते, हे मला पटत नाही कारण मी नेमकं तेच केलं होतं. आपल्या बरोड्याच्याच मॅरेथॉनला, पहिल्यांदा. साडेचार तास, बस. आरशावर चिठ्ठी, मोबाइलच्या वॉलपेपरवर 4:30, ऑफिसात सगळ्यांना सांगून मोकळा. आदल्या रात्री नंबर टी-शर्टला लावताना सेफ्टी पिना चारदा काढल्या-लावल्या आणि तरी तो वाकडाच, आई म्हणाली अरे लग्नाला चाललायस का धावायला, झोप आता. झोप कुठली! दोन वाजेपर्यंत पंख्याकडे बघत पेसचे पाढे म्हणत होतो. साडेचार तासांसाठी किलोमीटरला 6 मिनिटं 24 सेकंद लागतात, आजही झोपेत सांगेन.

आणि सकाळी काय केलं? पहिले दहा किलोमीटर 5:40 नी पळालो. ढोल वाजतायत, गर्दी पुढे चाललीय, पाय हलके, वाटलं आज आपला दिवस आहे, आत्ता सात मिनिटं वाचवू, शेवटी कामाला येतील. काका, ती बचत नव्हती, ते कर्ज होतं आणि व्याज पठाणी. स्टार्टला नुसता उभा होतो तेव्हाच घड्याळात ठोके 112 दाखवत होते. अ‍ॅड्रेनलिन चढलेलं असतं त्यामुळे जो वेग एरवी जड जातो तो त्या दिवशी सोपा वाटतो, पण शरीरातलं ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंत साठवलेलं इंधन, तुमचा उत्साह बघून वाढत नाही, वेग जास्त तेवढं ते लवकर संपतं, आणि मग तीस किलोमीटरनंतर ती प्रसिद्ध भिंत येते, म्हणजे पाय एकदम जड होतात, पुढे जातच नाहीत.

माझी 33व्या किलोमीटरला आली. पोटऱ्यांत गोळे. घड्याळ बघून कळलं की साडेचार काही होत नाही आता, आणि त्या क्षणी माझ्याकडे धावायला कारणच उरलं नाही, कारण दुसरा आकडा मी ठेवलाच नव्हता. डिव्हायडरवर बसलो. एक कॉलेजचा पोरगा व्हॉलंटियर होता, त्याने मीठ लावलेली संत्र्याची फोड हातात दिली आणि म्हणाला, "काका, चालो ने, थोडुंज छे." मी तेव्हा चौतीसचा, पायांपेक्षा ते काका जास्त लागलं. उठलो, चालत-पळत 5 तास 11 मिनिटांत पोचलो. वरातच म्हणा.

म्हणून तीन आकडे. ते हरायसाठी नाहीत, 33 किलोमीटरला डोकं हिशोब करायच्या लायकीचं नसतं म्हणून तो घरी, चहा पिता पिता करून ठेवायचा. पहिला आकडा तुम्ही हवा तेवढा कडक ठेवा, माझं काही म्हणणं नाही.

आखाड्याचा विषय काढलात म्हणून सांगतो. 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताकडून मॅरेथॉनला दोघं होते, बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार. चौगुले 2 तास 50 मिनिटांत 19वे आले, तेही 42.75 किलोमीटरच्या रूटवर, म्हणजे आजच्यापेक्षा लांबच. दातारांची शर्यत अर्धवट राहिली. आता दातारांना जिद्द कमी होती असं तुम्ही म्हणाल का? मी नाही म्हणणार.

हां, आणि कॉमेंटच्या शेवटी तुम्ही हळूच लिहिलंय की पाच हाफ झाल्यात, यंदा पहिली फुल आहे, आणि दोन आठवड्यांवर आल्यापासून उजवा गुडघा दुखायला लागलाय, तर रविवारी 30 करून टेस्ट करू का. नका करू! शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत धावणं कमी करायचं असतं, आणि नेमकं तेव्हाच बऱ्याच लोकांना कुठेतरी दुखायला लागतं, मला घोटा दुखत होता, तोही डावा का उजवा ते रोज बदलायचं. पण एकाच जागी दुखत असेल, जिने उतरताना जास्त होत असेल, सूज असेल तर डॉक्टरला दाखवा, ब्लॉगवर विचारू नका. आणि टेन्शनमध्ये आदल्या दिवशी पाणी ढोसत बसू नका, रक्तातलं सोडियम पातळ होतं, ते महागात पडतं. रात्री वरण-भात, सेव उसळ नाही, कितीही मोह झाला तरी.

रविवारी आम्ही काही जण कमाटीबागेत हळू आठ किलोमीटर करतोय, सहा वाजता, मेन गेटला. गुडघा ठीक असेल तर या, भांडण तिथे पूर्ण करू. सेव उसळ त्यानंतर.