मिडटर्मला मत देऊन काय मिळतं म्हणे!

आज सकाळी एका ओळखीच्या गृहस्थांची पोस्ट वाचली आणि डोकंच उठलं. अमेरिकेत कैक वर्षं राहतायत, नागरिकत्व घेतलंय, घरात दोन मुली. लिहितात काय, तर मिडटर्मला, म्हणजे राष्ट्राध्यक्षाच्या कारकिर्दीच्या मध्यावर होणाऱ्या संसदेच्या निवडणुकीला, मत देऊन काय मिळतं, राष्ट्राध्यक्ष थोडाच बदलतो? आणि गर्भपाताचं म्हणाल तर ते कोर्टाचं काम, त्यात मतदाराचा संबंध येतोच कुठे? खाली 'अगदी बरोबर सर'वाल्यांची रांग.

संबंध कुठे येतो ते सांगते. पोस्ट लांब होणार आहे. गर्भपाताचा हक्क बाईला का हवा, हे माझ्या यादीतल्या मंडळींना समजावण्यात मी वेळ घालवणार नाही. तो गेला कसा, तेवढंच.

आपण सगळे म्हणतो की २४ जून २०२२ ला, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने डॉब्स खटल्यात दिलेल्या निकालाने तो गेला. त्या दिवशी फक्त कागद हातात पडला. तो जायला सुरुवात झाली १३ फेब्रुवारी २०१६ ला. त्याच कोर्टाचे न्यायमूर्ती स्कालिया टेक्सासमधल्या एका रँचवर वारले आणि बातमी पसरून काही तास होत नाहीत तोच सिनेटमधले, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहातले, रिपब्लिकन बहुमताचे नेते मिच मॅकॉनेल यांनी जाहीर करून टाकलं, ही जागा आता नवा राष्ट्राध्यक्ष येईपर्यंत भरायची नाही. निवडणुकीला तेव्हा २६९ दिवस होते. ओबामांनी अजून नावसुद्धा सुचवलेलं नव्हतं.

मग १६ मार्चला नाव आलं मेरिक गार्लंड यांचं. वय ६३, वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाचे मुख्य न्यायाधीश, स्वभावाने मवाळ. १९९७ मध्ये याच सिनेटने त्यांना ७६ विरुद्ध २३ मतांनी अपील कोर्टावर पाठवलं होतं. ओबामांनी मुद्दाम असा माणूस शोधला की रिपब्लिकनांना नाही म्हणायला तोंड राहू नये. पण त्यांनी नाही म्हटलंच नाही. काहीच म्हटलं नाही.

ही गोम नीट समजून घ्या, कारण अख्खा खेळ इथे आहे. राज्यघटना एवढंच सांगते की राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतील आणि सिनेटच्या 'सल्ला व संमती'ने नेमणूक होईल. किती दिवसांत, ते लिहिलेलं नाही. नाव आधी सिनेटच्या न्यायविषयक समितीकडे जातं. उमेदवार भलीमोठी प्रश्नावली भरून देतो, एफबीआय पार्श्वभूमी तपासते, उमेदवार सिनेटरांना एकेक करून भेटतो, मग काही दिवस जाहीर सुनावणी, समितीचं मतदान, आणि मग नाव सभागृहात. तिथे आधी चर्चा थांबवण्यावर मतदान आणि शेवटी नेमणुकीवर. आता यात अडवायच्या जागा बघा. समितीच्या अध्यक्षाने सुनावणीची तारीखच दिली नाही तर नाव तिथेच बसतं. तारीख दिली, समितीतून नाव सुटलं, तरी बहुमताच्या नेत्याने ते सभागृहात घेतलं नाही तर पुन्हा बसतं. विरोधात मत द्यायला नको, कारण द्यायला नको. मुदत संपली की नाव राष्ट्राध्यक्षांकडे परत. गार्लंड यांचं नाव २९३ दिवस पडून राहिलं आणि ३ जानेवारी २०१७ ला आपोआप बाद झालं. एक सुनावणी नाही, एक मत नाही.

मॅकॉनेल यांनी कुठला लिखित नियम मोडला नाही, हे मान्य. नियमच नव्हता तर मोडतील काय.

पण हे करायला त्यांच्याकडे सिनेट होती म्हणून जमलं. आणि ती कुठून आली? २०१४ च्या मिडटर्ममधून! त्या वर्षी रिपब्लिकनांनी सिनेटच्या ९ जागा जास्तीच्या मिळवल्या. मतदान किती झालं होतं? ३६ टक्क्यांच्या आसपास, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या मिडटर्ममधलं सगळ्यांत कमी. 'राष्ट्राध्यक्ष थोडाच बदलतो' म्हणून घरी बसलेल्या लोकांनी गार्लंड यांची खुर्ची घालवली. ज्यांना कोर्ट हवं होतं ते गेले आणि मत देऊन आले.

निवडणुकीच्या वर्षात न्यायाधीश नेमत नाहीत, अशी परंपरा असल्याचंही तेव्हा सांगितलं गेलं. मग न्यायमूर्ती केनेडी? रीगन यांचं शेवटचं वर्ष, सिनेट डेमोक्रॅटांची, आणि ३ फेब्रुवारी १९८८ ला ९७ विरुद्ध ० मतांनी नेमणूक मंजूर. जागा १९८७ मध्ये रिकामी झाली होती, असा त्यावरचा बचाव. बरं बाबा. तेही मान्य.

पण २०२० चं काय करता? १८ सप्टेंबरला रुथ बेडर गिन्सबर्ग गेल्या. निवडणुकीला ४६ दिवस. म्हणजे काही राज्यांत लोक मतं द्यायलाही लागले होते. २६ सप्टेंबरला एमी कोनी बॅरेट यांचं नाव, १२ ऑक्टोबरला सुनावणी सुरू, २६ ऑक्टोबरला ५२ विरुद्ध ४८ ने नेमणूक. तीस दिवसांत सगळं. गार्लंड यांना २९३ दिवसांत एक सुनावणी मिळाली नव्हती हो! आणि सुनावणीच्या खुर्चीवर अध्यक्ष कोण, तर लिंडसे ग्रॅहम, ज्यांनी २०१६ मध्ये त्याच समितीत बसून सांगितलं होतं की उद्या रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षाच्या पहिल्या कारकिर्दीच्या शेवटच्या वर्षात जागा रिकामी झाली तर माझेच शब्द माझ्या तोंडावर फेका. लोकांनी फेकले. काय फरक पडला? गल्लीतल्या क्रिकेटमध्ये ज्याची बॅट त्याचे नियम, तसं. आणि बॅट म्हणजे सिनेटमधल्या ५१ जागा.

चर्चा थांबवायला ६० मतं लागायची, तो अडसर होता ना, असं कोणी विचारेल. होता. २०१७ मध्ये गार्लंड यांच्या खुर्चीवर नील गोर्सच यांना बसवताना तो काढला, आणि मग ५४ विरुद्ध ४५ ने नेमणूक झाली. खालच्या कोर्टांसाठी हाच अडसर २०१३ मध्ये डेमोक्रॅटांच्या हॅरी रीड यांनी काढला होता. हो, पायंडा आपल्याच लोकांनी पाडला.

आता जरा हिशेब करू, कारण 'एका जागेने काय होतं' हे वाक्य मला सारखं ऐकू येतं. डॉब्सचा निकाल ६ विरुद्ध ३ होता असं सगळे सांगतात. ते अर्धंच खरं. खटला मिसिसिपीच्या कायद्यावर होता, १५ आठवड्यांनंतर गर्भपाताला बंदी. तो कायदा ६ विरुद्ध ३ ने टिकला. पण गर्भपाताचा हक्क देणारा १९७३ चा 'रो' निकाल मुळापासून रद्द करायला मतं पाच होती: अलिटो, थॉमस, गोर्सच, कॅव्हनॉ, बॅरेट. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांचं म्हणणं होतं की १५ आठवड्यांचा कायदा राहू द्या, पण 'रो' पूर्ण रद्द करायची आज गरज नाही. आता या पाचातून गोर्सच काढा आणि गार्लंड घाला. रद्द करायला चारच उरतात. मिसिसिपीचा कायदा टिकला असता, वाईटच झालं असतं, पण सरसकट बंदीचा रस्ता उघडला नसता. गार्लंड असते तर पुढच्या नेमणुका अशाच झाल्या असत्या का, हे छातीठोक सांगता येत नाही. तरी हिशेब हिशेब आहे.

मिसिसिपीने जून २०२० मध्ये अर्ज केला तेव्हा त्यात लिहिलं होतं की आमच्या प्रश्नांचं उत्तर द्यायला 'रो' रद्द करावा लागणार नाही. मग बॅरेट आल्या. मे २०२१ मध्ये कोर्टाने खटला ऐकायला घेतला, आणि उन्हाळ्यात त्याच राज्याने थेट मागणी केली की 'रो' रद्दच करा. कायदा तोच, गर्भाचे आठवडे तेच. बदललं ते फक्त बाकावरचं माणूस.

आणि न्यायाधीश पक्षाचे असतात हे कायमचंच आहे, असंही नाही. 'रो' ७ विरुद्ध २ ने लागला, आणि त्या सातांपैकी पाच जण रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले होते. विरोधातल्या दोघांपैकी एक, व्हाइट, डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडींनी नेमलेले. १९९२ मध्ये 'रो'चा गाभा वाचवला तो न्यायमूर्ती ओकॉनर, केनेडी आणि सूटर या तिघांनी, तिघेही रिपब्लिकनांनी नेमलेले. त्यावरून त्या पक्षाने धडा घेतला आणि पुढे माणसं इतकी पारखून घेतली की असा धक्का परत बसू नये. तीस वर्षं चिकाटीने काम केलं त्यांनी. राग येतो, पण ही चिकाटी आपल्याकडे नव्हती.

त्या गृहस्थांच्या दोन मुली डोळ्यांसमोर येतात. टेक्सासमध्ये सहा आठवड्यांचा कायदा १ सप्टेंबर २०२१ पासून लागू झाला, डॉब्सच्याही आधी. सहा आठवडे ऐकायला बरे वाटतात. मोजतात कुठून? शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. गर्भ राहतोच मुळी त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी. पाळी चुकली हे कळतं चौथ्या आठवड्याच्या शेवटी. म्हणजे हातात उरले दोन आठवडे, तेही पाळी घड्याळासारखी येत असेल तर. त्यात चाचणी, डॉक्टरची वेळ, सोनोग्राफी, त्यानंतर २४ तास थांबायची सक्ती. ज्या मुलीची पाळी पुढेमागे होते तिला कळेपर्यंत मुदत संपलेली. डॉब्सनंतर तर तिथे जवळपास पूर्णच बंदी आहे. डॉक्टरला जन्मठेपेपर्यंत शिक्षा, किमान १ लाख डॉलर दंड, परवाना रद्द. आईच्या जिवाला धोका असेल तर सूट, पण धोका किती वाढला की ती लागू होते? पाणी गेलंय, गर्भ वाचणार नाही हे सगळ्यांना दिसतंय, पण ठोके चालू आहेत. अशा वेळी डॉक्टर वकिलाला फोन करतो आणि थांबतो. तोवर जंतुसंसर्ग रक्तात पसरतो.

थांबण्याने काय होतं ते आपल्याला माहीत आहे. सविता हलप्पनवार, माहेर बेळगावचं, पेशाने दंतवैद्य, आयर्लंडमध्ये गॉलवेला १७ आठवड्यांची गरोदर. गर्भ जाणारच होता, तिने मोकळं करा म्हणून विनवलं, ठोके आहेत म्हणून थांबवलं. २८ ऑक्टोबर २०१२ ला ती गेली. आयर्लंडने २०१८ मध्ये सार्वमत घेऊन ६६.४ टक्क्यांनी गर्भपाताला आडवी येणारी घटनादुरुस्ती काढून टाकली. अमेरिका नेमकी उलट्या वाटेने निघाली.

बाईला हक्क नसून डॉक्टरला परवानगी, असा आपला भारतातला कायदाही काही आदर्श नाही. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, ठरावीक गटांसाठी २४ पर्यंत दोघांचं. पण तो १९७१ मध्ये संसदेने केलाय, २०२१ मध्ये संसदेनेच सुधारलाय. आणि आपले सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश ६५ व्या वर्षी घरी जातात, अमेरिकेसारखे तहहयात बसत नाहीत. कोणाच्या मरणाकडे डोळे लावून देश बसत नाही.

गिन्सबर्गबाईंवर लिहिताना हात जड होतो. २०१३ मध्ये त्या ८० च्या होत्या, दोनदा कर्करोगातून उठलेल्या. सिनेटमध्ये डेमोक्रॅटांचं बहुमत, ओबामांनी त्यांना जेवायला बोलावलं, निवृत्त व्हा असं तोंडावर म्हटलं नाही, त्याही बोलल्या नाहीत. मला त्यांचा राग येत नाही, कामात रमलेल्या बाईला 'उठ आता' कोण म्हणणार. पण २०१४ ची मिडटर्म हरली आणि ती खिडकी बंद झाली. न्यायाधीशाचा राजीनामासुद्धा मिडटर्मच ठरवते, हे त्या गृहस्थांना कोणीतरी सांगा.

न्यायमूर्ती ब्रायर यांना ते कळलं. ८३ व्या वर्षी, जानेवारी २०२२ मध्ये त्यांनी निवृत्ती जाहीर केली. सिनेट तेव्हा ५०-५०, उपराष्ट्राध्यक्षांच्या मतावर तोललेली. एक वयस्क सिनेटर दगावला असता तरी सगळं फसलं असतं. ७ एप्रिलला केटांजी ब्राउन जॅक्सन ५३ विरुद्ध ४७ ने मंजूर झाल्या.

थॉमस १९४८ चे, अलिटो १९५० चे. हे दोघे कधी उठायचं ते सिनेटकडे बघूनच ठरवणार, आणि सिनेटच्या साधारण एक तृतीयांश जागा दर दोन वर्षांनी मतदानाला येतात. नागरिक असाल तर नाव यादीत आहे का ते आजच बघा. टेक्सासमध्ये नोंदणी निवडणुकीच्या ३० दिवस आधी बंद होते, न्यू जर्सीत २१. ग्रीन कार्डवाल्यांनी मात्र चुकूनही नोंदणी करू नका, देशाबाहेर काढतील.