बास बोट : घ्यावी कशी, पोसावी कशी

मासे पकडायला बोट लागते असं कुणी सांगितलं असेल, तर आधी ते डोक्यातून काढून टाका. मासे पकडायला गळ लागतो, गांडूळ लागतं आणि रिकामा वेळ लागतो. पहिल्या दोन गोष्टी अमेरिकेतल्या कुठल्याही वॉलमार्टात चाळीस-पन्नास डॉलरांत मिळतात. तिसरी तुमच्याकडे असती, तर तुम्ही डॅलसच्या उपनगरात चार बेडरूमचं घर घेऊन बसला नसता. बास बोट मासे पकडण्यासाठी घेत नाहीत. ती एकदा दारात आली की पुढची पंधरा-वीस वर्षं ‘आता आणखी काय घ्यावं’ हा प्रश्न पडत नाही, म्हणून घेतात.

एवढं मनाशी पक्कं असेल तर पुढे वाचा.

बास म्हणजे लार्जमाउथ बास. हिरवट अंगाचा, जबडा डोळ्याच्याही मागे गेलेला, स्वभावाने आळशी मासा. पाण्यात बुडालेल्या झाडाच्या बुंध्याआड, पाणवनस्पतींत, बहुतेकदा काठालगतच्या उथळ पाण्यात तो दबा धरून बसतो. ‘काठालगत’ हे वाचून काही शंका आली असेल तर ती मनातच ठेवा. काठावरचा माणूस गळ तळ्याच्या मध्याकडे फेकतो आणि बोटीतला माणूस काठाकडे फेकतो, हे निरीक्षण बोटीच्या दुकानात बोलून दाखवू नये. तिथे लोक कर्जाच्या कागदांवर सह्या करत असतात.

या माशासाठी खास बोट असावी हे आधी सुचलं लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टच्या होम्स थर्मंड यांना. १९४८ सालची त्यांची ‘स्कीटर’ ही पहिली बास बोट मानतात. पण नुसती बोट असून भागत नाही, शेजाऱ्याचीही असावी लागते. ती व्यवस्था रे स्कॉट यांनी केली. हे गृहस्थ मूळचे अलाबामातले विमाविक्रेते, म्हणजे माणसाला कशाची गरज आहे हे त्याच्याआधी ओळखणाऱ्यांपैकी. १९६७ साली त्यांनी आर्कान्सातल्या बीव्हर लेकवर स्पर्धा भरवली आणि त्याच वर्षी बास पकडणाऱ्यांची संघटना काढली. पुढच्याच वर्षी आर्कान्सातल्याच फ्लिपिन गावी फॉरेस्ट वुड यांनी ‘रेंजर’ बोटी बांधायला घेतल्या. शेवटचा अडसर जॉनी मॉरिस यांनी १९७८ मध्ये दूर केला : बोट, इंजिन आणि ट्रेलर एकाच किमतीत. त्याआधी गिऱ्हाइकाला तीन वेळा विचार करावा लागे. आता एकदाही करावा लागत नाही.

नवी घ्यावी की जुनी? नवीच घ्या. जुन्या बोटीत आधीच्या मालकाच्या चुका निस्तराव्या लागतात, नवीत सगळ्या आपल्या हाताने करता येतात. वीस फुटी, फायबरग्लासची, २५० अश्वशक्तीचं इंजिन लावलेली, यंत्रांनी सजवलेली बोट आज ऐंशी हजार डॉलरांच्या घरात जाते आणि लाखाच्या पुढे जायला तिला फार आग्रह करावा लागत नाही. अ‍ॅल्युमिनियमची साधी बोट याच्या निम्म्याहूनही कमी पैशांत येते आणि माशांना दोन्हींतला फरक कळत नाही. पण फायबरग्लासच्या रंगात चमकी असते. ती उन्हात अशी झळाळते, की पलीकडच्या काठावरच्या माणसालाही तुमच्या हप्त्याचा अंदाज यावा.

हप्त्याची काळजी करू नका. विक्रेता किंमत सांगतच नाही, ‘महिन्याला फक्त एवढे’ असं सांगतो. मुदत पंधरा वर्षं, हवी तर वीस. घरकर्जासारखी व्याजावर करसवलत मिळेल का, असं तुमच्यातला हिशेबी माणूस विचारील. अमेरिकेत बोटीला घर मानतात, पण तिच्यात झोपायची, स्वयंपाकाची आणि संडासाची सोय असली पाहिजे. बास बोटीत यातलं काहीही नसतं. सकाळी सहाला घेतलेला मोठा मग भरून चहा नऊच्या सुमाराला त्यातल्या तिसऱ्या गोष्टीची आठवण करून देतो.

इंजिन २५० अश्वशक्तीचंच का? कारण मोठ्या स्पर्धांमध्ये तेवढीच मर्यादा आहे. तुम्ही स्पर्धेत उतरणार नाही ही गोष्ट गौण. पूर्ण वेगात हे इंजिन तासाला वीसेक गॅलन पेट्रोल पितं आणि बोट ताशी सत्तर मैलांनी पळते. डोळ्यांतून पाणी येतं, टोपी उडते, मुलं किंचाळतात. मग ठरलेल्या जागी पोचल्यावर इंजिन बंद करायचं, बोटीच्या नाकावरची विजेची मोटर पाण्यात सोडायची आणि पायाने पेडल दाबत चालत्या माणसापेक्षा हळू सरकायचं. एका झुडपासमोर चार तास उभं राहायचं असलं, की तिथे वेळेवर पोचायला हवं.

ट्रेलरवर चढवलेली ही बोट चार-पाच हजार पौंडांची होते. तुमच्या दारातली मिनिव्हॅन साडेतीन हजार ओढते. त्यामुळे आता पिकअप ट्रक घ्यावा लागेल. याला खर्च म्हणू नका, बोटीचा भाग म्हणा. ट्रक गॅरेजमध्ये मावणार नाही. बोटही मावणार नाही, कारण वीस फूट ही नुसत्या सांगाड्याची लांबी. मागचं इंजिन आणि पुढचा ट्रेलरचा दांडा धरला तर टेप पंचविसाच्या आसपास जाते आणि बिल्डरने गॅरेज वीस फुटांचं दिलेलं असतं. दांडा मोडता येणारा ट्रेलर मिळतो, तो जास्त पैसे देऊन घ्या. तरीही जागा कमीच पडेल. मग बोट ड्राइव्हवेवर ठेवा आणि वसाहतीच्या हाउसिंग असोसिएशनच्या पत्राची वाट पाहा. गवत अर्धा इंच वाढल्याचं ज्यांच्या नजरेतून सुटत नाही, त्यांना झळाळती बोट दिसणार नाही असं समजू नका. पत्र आलं की गावाबाहेर महिन्याच्या भाड्याने शेड घ्या. यामुळे बोट तुमच्यापासून चाळीस मिनिटं दूर जाते आणि तिच्यावरचं प्रेम टिकतं.

आता यंत्रं. तळ्याचा तळ, पाण्याचं तापमान, मासे, सगळं पडद्यावर दाखवणारी सोनार यंत्रं किमान दोन घ्या, एक स्टिअरिंगपाशी आणि एक नाकावर. चार घेतलीत तर कुणी हसणार नाही, त्याच्याकडे पाच असतात. २०१८ मध्ये गार्मिन कंपनीने ‘लाइव्हस्कोप’ हे सोनार आणलं आणि या क्षेत्रात क्रांती झाली. बोटीसमोरच्या पाण्यात काय चाललंय ते त्याच क्षणी दिसतं. तुमचं आमिष खाली जाताना दिसतं, मासा त्याच्याकडे येताना दिसतो, थांबतो, बघतो आणि वळून निघून जातो. पूर्वी तळ्यात मासेच नाहीत असं म्हणून शांतपणे घरी येता यायचं. आता मासे आहेत आणि ते तुम्हाला नाकारताहेत, हे बारा इंची पडद्यावर कळतं. एवढ्या यंत्रांना वीज लागते आणि विजेच्या मोटरला ३६ व्होल्ट लागतात, म्हणजे बॅटऱ्या आल्या. लिथियमच्याच घ्या, वजनाला हलक्या असतात. खिसाही सोबतच हलका होतो.

काठ्या-रिळांचं वेगळं सांगायला नको. प्रत्येक आमिषाला वेगळी काठी लागते, म्हणून बोटीच्या कप्प्यात डझनभर मावतात आणि मावतात म्हणून घ्याव्या लागतात. प्लॅस्टिकची गांडुळं मात्र निवांत निवडा. मासा पक्का मांसाहारी, पण गांडुळांच्या रंगांची नावं मंडईतली : भोपळी हिरवा, कलिंगडी लाल. एकाचं नाव चक्क ‘मोटर ऑइल’ आहे. विक्रेता सांगेल, ढगाळ हवेत गडद रंग घ्या आणि स्वच्छ पाण्यात फिका. काउंटरवरचा दुसरा विक्रेता नेमकं उलटं सांगेल. दोघांचंही ऐका, दोन्ही घ्या.

इथवर कुणीही पोचतं. बोट पोसणं हा खरा छंद आहे.

सुरुवात बुचापासून. बोटीच्या मागच्या बाजूला, तळाशी, अंगठ्याएवढं एक भोक असतं. साठलेलं पाणी वाहून जावं म्हणून ते ठेवलेलं असतं आणि बोट पाण्यात सोडण्याआधी त्यात काही डॉलरांचं बूच फिरवून बसवायचं असतं. शनिवारी पहाटे बोटी पाण्यात सोडायच्या उतारावर तुमच्यामागे सात ट्रक रांगेत उभे असतात. तुम्ही आरशात बघत ट्रेलर मागे घेत असता. स्टिअरिंग डावीकडे वळवलं की ट्रेलर उजवीकडे जातो. (तळवा स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरा, म्हणजे हात जिकडे जाईल तिकडे ट्रेलर जातो. हा सल्ला खरा आहे, फुकट आहे, म्हणून कुणी पाळत नाही.) जोडीदार पाण्यात गुडघाभर उभं राहून दोन्ही हातांनी दोन वेगवेगळ्या खुणा करत असतो. तिसऱ्या खेपेला ट्रेलर सरळ जातो, बोट अलगद तरंगते, मागचे सातही लोक सुटकेचा श्वास टाकतात. तुम्ही ट्रक लावून परत येता, तेव्हा बोटीचा मागचा भाग थोडा जास्तच खाली गेलेला दिसतो. बूच ट्रकच्या कपहोल्डरमध्ये असतं, शेंगदाण्यांच्या फोलपटांशेजारी.

मग गिअरचं तेल. वर्षाला किंवा शंभर तासांनी बदलायचं. काढलेलं तेल दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय. कारण बहुधा तुमचंच तंगूस असतं. पाण्यात सुटलेली नायलॉनची दोरी इंजिनाच्या पंख्याच्या दांड्याला गुंडाळली जाते, आतलं सील हळूहळू कापत जाते आणि मेकॅनिकच्या पोरांचं शिक्षण करते. पंखा काढून ती बघायला दहा मिनिटं लागतात. ती न देण्याची मोकळीक तुम्हाला आहेच.

पेट्रोलपंपावर स्वस्त दिसलं म्हणून ई-१५, म्हणजे पंधरा टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, भरा, असं मी चेष्टेतही म्हणणार नाही. बोटीच्या इंजिनात ते भरायला कायद्यानेच बंदी आहे. नेहमीच्या ई-१० मधलं इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. बोट महिनोन्‌महिने उभी राहिली की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं, आणि इंजिन नेमकं तळातूनच ओढतं. तुमची बोट वर्षातून किती दिवस चालते हे आठवलंत, तर यावरचं औषध, म्हणजे स्टॅबिलायझर, घाऊक का घ्यायचं ते कळेल.

ट्रेलरच्या चाकांकडे तर कुणी बघतच नाही. हायवेवर तापलेली बेअरिंगं थेट गार पाण्यात बुडतात, आतली हवा आक्रसते आणि पाणी आत ओढलं जातं. ग्रीस धुतलं जातं. मग परतीच्या वाटेवर, भर उन्हात, दोन गावांच्या मधोमध तुमचं एक चाक तुम्हाला ओव्हरटेक करून जातं. ग्रीसगनची किंमत वीस-तीस डॉलर. म्हणजे घेतलेल्या सगळ्या यंत्रांत सगळ्यात स्वस्त, आणि म्हणूनच न उघडलेली.

एका बाबतीत उपरोध बाजूला ठेवतो. इंजिन बंद करणारी दोरी लाइफजॅकेटला अडकवा. १ एप्रिल २०२१ पासून लहान बोटी वेगात असताना तसं करणं अमेरिकेत कायद्याने सक्तीचं आहे. तारखेवर जाऊ नका. चालक पाण्यात पडला की बोट गोल फिरून त्याच्याच अंगावर येते.

हौस पुरवायला लेक फोर्कला जा. डॅलसच्या पूर्वेचं हे तळं १९८० च्या धरणाचं, आणि धरण बांधताना झाडं मुद्दाम उभी ठेवलेली. माशांना घर मिळालं आणि पंखे विकणाऱ्यांना गिऱ्हाईक. बोटींसाठी खुणा लावलेल्या वाटा आहेत, त्या सोडल्यात तर पाण्याखालचा बुंधा तुमची भेट घेईल. इथला नियमही समजून घ्या : १६ ते २४ इंचांमधला बास घरी न्यायचा नाही. म्हणजे ज्याचा फोटो काढावासा वाटेल तो जवळजवळ प्रत्येक मासा परत पाण्यात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला हे आपण ऐकलेलं, इथे तर कोंबडीही परत खुराड्यात सोडायची. सहा महिन्यांसाठी आलेल्या मालवणच्या सासऱ्यांना ही गोष्ट समजावून सांगू नका. ते तुमच्या ट्रककडे, बोटीकडे, पडद्यांकडे एकदा बघतील आणि विचारतील, ‘‘सोडलंस? मगे धरलंस कित्याक?’’

तेरा पौंडांचा मासा लागलाच, तर टेक्सास सरकार १९८६ पासून असे मासे हिवाळ्याअखेरीच्या ठरावीक महिन्यांत प्रजननासाठी उसने घेतं आणि देणाऱ्याला माशाची प्रतिकृती भेट देतं. अशा प्रतिकृती सहसा फायबरग्लासच्या असतात. बोटही त्याचीच, भिंतीवर रंगसंगती जुळेल.

तळ्यावरून निघताना बोटीतलं सगळं पाणी काढून टाका. टेक्सासमध्ये तो नियमच आहे, नाहीतर उपद्रवी झेब्रा शिंपले एका तळ्यातून दुसऱ्यात जातात. बूच काढा. काढलेलं बूच कुठे ठेवता, त्याकडे लक्ष असू द्या.

आणि कधीतरी बोट विकायची वेळ येईल. खरेदीदार इंजिनाला संगणक जोडून एकूण किती तास चाललं ते बघतो. जितके तास कमी, तितका भाव चांगला. तुम्ही चिंताच करू नका, तुमचे तास पाहून त्याचे डोळे भरून येतील. जाहिरातीत एवढंच लिहा : ‘फक्त गोड्या पाण्यात वापरलेली, शेडमध्ये ठेवलेली, जवळजवळ नवी.’ तीनही गोष्टी खऱ्या आहेत. पैसे हातात आले की ट्रक मात्र ठेवून घ्या. विक्रेत्याचा फोन येऊन गेलाय, एकवीस फुटीवर या महिन्यात सूट आहे.