‘एमआरआय काढा, डिमेन्शिया ९५ टक्के अचूक कळतो’: या मेसेजचा हिशेब कुठे चुकतो

विदर्भातल्या गावोगावच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: मेंदूच्या एमआरआयवरून कॉम्प्युटर डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) ९५ टक्के अचूक सांगतो, चाळिशीनंतर सगळ्यांनी काढून घ्यावा, मशीन कोणतंही चालतं, हिप्पोकॅम्पस (मेंदूतला आठवणी सांभाळणारा भाग) आकसलेला दिसला की आजार पक्का. धारणी किंवा एटापल्लीहून नागपूर गाठायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो, वर काही हजार रुपये जातात. तेव्हा एकेक दावा तपासलेला बरा.

‘९५ टक्के अचूक.’ असे आकडे शोधनिबंधांत खरंच सापडतात. पण तिथे बहुधा एकीकडे उघड अल्झायमर (डिमेन्शियाचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार) झालेले आणि दुसरीकडे ठणठणीत म्हातारे असतात. संशयातले मधले लोक वगळलेले. एवढा फरक तर घरच्या सुनेलाही कळतो. डॉक्टरांपुढे अडतं ते मधल्यांचंच, आणि तिथे आकडा बराच खाली येतो.

दुसरी गोम गळतीची, म्हणजे परीक्षेतली माहिती शिकवणीत झिरपण्याची. एका स्कॅनमधून दीडशेच्या वर काप (मेंदूच्या पातळ थरांची चित्रं) निघतात. सगळ्यांचे काप मिसळून मग कॉम्प्युटरच्या शिकवणीचा आणि परीक्षेचा असे गट पाडले, तर एकाच माणसाचा ८०वा काप शिकवणीत आणि ८१वा परीक्षेत जातो. कॉम्प्युटर मग आजार ओळखत नाही, ती कवटी ओळखतो. म्हणून गट आधी माणसागणिक पाडायचे. त्याच माणसाचा वर्षभराने काढलेला स्कॅनही त्याच गटात ठेवायचा. डीप लर्निंगच्या (कॉम्प्युटरला उदाहरणांवरून शिकवायची पद्धत) निबंधांच्या २०२०मधल्या एका आढाव्यात निम्म्याहून अधिक ठिकाणी अशी गळती असण्याची शक्यता आढळली.

‘चाळिशीनंतर सगळ्यांनी.’ घटकाभर ९५ टक्के खरं धरू: आजारी शंभरातले ९५ पकडतो, निरोगी शंभरातले ९५ सोडतो. देशात साठीपुढच्यांत डिमेन्शियाचं प्रमाण ‘लासी-डॅड’ या देशव्यापी पाहणीच्या अंदाजाने ७.४ टक्के. हजारात ७४ आजारी, त्यातले ७० सापडतील. उरलेल्या ९२६ निरोगी लोकांपैकी ४६ जणांवरही शिक्का बसेल. पंचेचाळिशीत हजारी एक आजारी धरला, तर तो एक सापडेल आणि सोबत ५० धडधाकट लोक घाबरतील. (कोणालाच आजार नाही असं डोळे मिटून सांगणारा या वयात ९९.९ टक्के अचूक ठरतो!)

‘मशीन कोणतंही चालतं.’ हे तर साफ चूक. संशोधनात साधारण १ मिलिमीटरचे काप घेतात; नेहमीच्या तपासणीत बरेचदा ५ मिलिमीटरचे, मध्ये फट ठेवून. हिप्पोकॅम्पस एका बाजूचा जेमतेम ३ घन सेंटिमीटर. एवढ्या जाड कापांतून त्याचं माप विश्वासाने निघत नाही. १.५ आणि ३ टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) मशीनवर मेंदूच्या करड्या-पांढऱ्या भागाची सीमाही थोडी सरकते. रुग्ण एका मशीनवरचे आणि निरोगी दुसऱ्या मशीनवरचे असतील, तर कॉम्प्युटर मशीनच शिकतो. असा फरक काढायला कॉम्बॅट नावाची पद्धत आहे, पण तिला प्रत्येक मशीनवरचे दोन्ही प्रकारचे पुरेसे स्कॅन लागतात.

स्कॅनच्या पाच-सहा मिनिटांत डोकं हललं की मेंदूची साल (बाहेरचा थर) पातळ मोजली जाते. पाण्याचंही तसंच. २००५च्या एका अभ्यासात १६ तास पाणी न प्यायल्याने मेंदूचं आकारमान ०.५५ टक्के घटलेलं दिसलं. म्हातारपणी वर्षभरात होणारी घट साधारण तेवढीच. मे महिन्यात, एसटीत लघवीची अडचण नको म्हणून आदल्या रात्रीपासून घोटभरही पाणी न घेतलेली आजी त्या टेबलावर निजते, तेव्हा हे ध्यानात ठेवावं.

‘हिप्पोकॅम्पस आकसला की पक्का.’ आकसला, पण कोणाच्या मानाने? माप कवटीचं आकारमान, वय आणि लिंग यांच्या हिशेबाने दुरुस्त करावं लागतं. तुलनेचा नमुना बहुतेकदा २००४मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या अल्झायमरच्या अभ्यासाचा, म्हणजे ‘अ‍ॅडनी’चा: बहुतांश गोरे, सरासरी सोळा वर्षं शिकलेले. शाळेची पायरी न चढलेल्या मेळघाटातल्या बाईला त्यात जोड कुठून मिळणार? शिवाय गडचिरोली, गोंदिया भागात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आहे. त्याच्या रुग्णांत लक्षण न देता झालेल्या बारीक झटक्यांच्या खुणा मेंदूत असू शकतात. अपस्मार आणि दीर्घ नैराश्यातही हिप्पोकॅम्पस लहान दिसतो.

विसरणं वाढलं तर आधी बी-१२ आणि थायरॉईडची रक्ततपासणी करावी, औषधांची यादी डॉक्टरांना दाखवावी. स्कॅनचा मोठा उपयोग गाठ, झटका, साचलेलं पाणी किंवा रक्त शोधायला होतो. म्हातारा माणूस पडला आणि काही आठवड्यांनी बरळू लागला किंवा पाय ओढू लागला, तर थांबू नये; जिल्ह्याच्या ठिकाणचा साधा सीटी स्कॅनही कवटीखालचं रक्त बहुधा दाखवतो.